वायफाय गेलं की नेट गेलं? दोष शोधायची घरगुती पद्धत

"आत्या, वायफाय गेलंय!" असा फोन मला आठवड्यातून एकदा तरी येतो. कॉम्प्युटर शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून सगळ्या गोतावळ्याने ही बिनपगारी सेवा माझ्या गळ्यात घातली आहे. माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "मोबाइलवर वायफायची खूण दिसतेय का?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "खूण आहे गं, पण काही उघडत नाही." मग वायफाय ठणठणीत आहे. गेलंय ते नेट.

हा शब्दांचा कीस नव्हे. वायफाय म्हणजे तुमच्या मोबाइलपासून घरातल्या राउटरपर्यंतचं, पाच-दहा मीटरचं बिनतारी अंतर. नेट म्हणजे राउटरच्या पुढे भिंतीतून बाहेर पडणारी, खांबाखांबावरून जाणारी वायर आणि तिच्यापलीकडचं सगळं. पहिल्यात बिघाड असेल तर इलाज घरात सापडतो. दुसऱ्यात असेल तर बहुधा लाइनमनच लागतो, तुम्ही घरात कितीही खटपट करा. बिघाड कोणत्या बाजूला आहे हे कळायला पाच मिनिटं पुरतात. ती न देता लोक सगळ्या वायरी उपसून बसतात, आणि मग मला फोन करतात.

पुढचं सगळं फायबरचं कनेक्शन धरून लिहिलंय, कारण आता तालुक्याच्या गावातही तेच जास्त दिसतं. फायबर ज्या डब्यात येते त्याला कंपनीची माणसं ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात. बऱ्याच घरांत राउटर त्याच डब्यात असतो, काही घरांत शेजारी वेगळा.

आधी, काय करायचं नाही

राउटरच्या मागे टाचणी जाईल एवढं एक भोक असतं. त्याच्या आत रीसेटचं बटण असतं. ते दहाएक सेकंद दाबून धरलं की राउटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो. वायफायचं नाव-पासवर्ड तर जातंच, पण अनेक कनेक्शनमध्ये कंपनीने भरून दिलेलं लॉगिनही पुसलं जातं. पीपीपीओई नावाचं हे लॉगिन वापरून राउटर कंपनीकडे हजेरी लावत असतो. ते नसेल तर लाइन उत्तम असूनही नेट सुरू होत नाही.

माझ्या मावशीने एकदा सेफ्टी पिन घालून हे बटण दाबलं. मूळ दुखणं काय होतं? रिचार्ज संपला होता. रिचार्ज दहा मिनिटांत झाला, नेट मात्र चौथ्या दिवशी आलं. कारण ते लॉगिन फक्त केबलवाल्याला माहीत होतं आणि तो भाच्याच्या लग्नाला गेला होता.

रीस्टार्ट म्हणजे बंद करून चालू करणं. ते खुशाल करा. रीसेट म्हणजे पाटी पुसणं, आणि त्या भोकाकडे हातातला कागद तयार असल्याशिवाय फिरकायचं नाही. कोणता कागद? आज नेट चालू आहे तोवर ग्राहक क्रमांक, पीपीपीओईचं लॉगिन आणि पासवर्ड, वायफायचा पासवर्ड, तक्रारीचा नंबर हे सगळं खरोखरच्या कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा. मी ही यादी एकदा ऑनलाइन ठेवली होती. नेट गेल्यावर ती उघडेना.

आणखी एक. सगळं नीट चालू असताना डब्यावरच्या दिव्यांचा फोटो काढून ठेवा. बिघाड झाला की तो फोटो आणि समोरचा डबा, दोन्ही ताडून बघता येतात. फोनवर निदान करताना मला याच फोटोचा सगळ्यात जास्त उपयोग होतो.

रिचार्ज आणि वीज

हसू नका, पण पहिल्यांदा प्लॅनची शेवटची तारीख बघा. मोबाइलचा डेटा चालू करून कंपनीच्या ॲपमध्ये ती दिसते. तारीख उलटली असेल तर काही कंपन्यांचं पैसे भरायचं पान आपोआप समोर येतं, काहींचं काहीच येत नाही, नुसतं चाक फिरत राहतं.

मग वीज. डब्याचा एकही दिवा लागत नसेल तर दुसऱ्या प्लगमध्ये लावून बघा. तरीही अंधार असेल तर संशय अडॅप्टरवर. हा छोटा काळा ठोकळा डब्याच्या आधी मरतो. कधी तो पूर्ण न मरता दमतो : दिवे लागतात, दोन मिनिटं नेट चालतं, मग सगळे दिवे विझून पुन्हा लागतात. डबा असा स्वतःहून पुन्हा पुन्हा चालू होत असेल तर अडॅप्टर बदलून बघा. नवा घेताना जुन्यावर छापलेले व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत. बहुतेक डब्यांना १२ व्होल्ट लागतात. अँपिअर मात्र तेवढेच किंवा जास्त चालतात, कमी नाही. पिनही बसते की नाही ते बघून घ्या.

भारनियमनाच्या गावात राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, तो अनेकांनी घेतलाय. त्यात एक मेख आहे. फायबर थेट घरापर्यंत आली असेल तर कंपनीच्या केंद्रापासून तुमच्यापर्यंतच्या वाटेवरच्या प्रकाश वाटणाऱ्या पेट्यांना सहसा वीज लागत नाही, त्यामुळे अख्ख्या गावाची लाइट गेली तरी तुमच्या यूपीएसवर नेट चालू राहू शकतं. पण काही ठिकाणी फायबर इमारतीच्या गच्चीपर्यंतच येते आणि तिथल्या स्विचमधून, म्हणजे एक लाइन अनेक घरांत वाटणाऱ्या डब्यातून, घरोघरी तांब्याच्या तारांची साधी लॅन केबल उतरते. त्या स्विचला वीज लागते. गच्चीवर बॅटरी नसेल तर तुमचा यूपीएस नुसता दिवे लावून बसेल. घेण्याआधी केबलवाल्याला विचारा.

दिव्यांची भाषा

आता डब्याकडे बघा. कंपनीनुसार दिव्यांची नावं थोडी बदलतात, पण तीन दिवे महत्त्वाचे : एलओएस, पॉन आणि इंटरनेट.

एलओएस लाल होऊन लुकलुकतोय याचा अर्थ फायबरमधून प्रकाशच येत नाही. वायफायचा यात काही संबंध नाही, राउटरला दोष देऊ नका. घरात बघण्यासारख्या दोनच गोष्टी आहेत. एक, डब्यात घुसलेली ती बारीक, बहुधा पिवळी वायर. ती कपाटाच्या मागे दबली आहे का, झाडू मारताना ओढली गेली आहे का, कुणी तिची छान घडी घालून रबरबँड लावलंय का? फायबरमध्ये काचेचा धागा असतो. तीव्र वळण दिलं की प्रकाश वळणावरच बाहेर सांडतो. वाटीच्या काठापेक्षा लहान वेटोळं करू नये, असा माझा अंदाजपंचे नियम आहे. दुसरी गोष्ट म्हणजे तिचं टोक, बहुधा हिरवं. ते अलगद आत दाबून बघा, पूर्ण बसलं की 'टक्' होतं. टोक बाहेर काढलंच तर त्यात डोळा घालून बघू नका. आतला लेझरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. टोकाला बोटही लावू नका. बोटाचा तेलकटपणा काचेवर बसला की आणखी एक बिघाड तुम्हीच तयार केलात.

एवढं करून लाल दिवा तसाच असेल तर तक्रार नोंदवा आणि चहा प्या. बाहेर उंदरांनी कुरतडलं असेल, माकडांनी झोका घेतला असेल, रस्ता खोदताना जेसीबीने उपटलं असेल किंवा गणपतीच्या मांडवासाठी बांबू रोवताना कुणी तोडलं असेल. यातलं काहीच घरात बसून दुरुस्त होत नाही.

एलओएस विझलेला आणि पॉन लुकलुकतोय : प्रकाश येतोय, पण कंपनीच्या यंत्राशी तुमच्या डब्याची ओळख पटत नाहीये. पाच मिनिटं थांबा, एकदा रीस्टार्ट करा, नाही जमलं तर तक्रार.

पॉन स्थिर हिरवा, पण इंटरनेटचा दिवा लाल किंवा विझलेला : लाइन आहे, हजेरी लागलेली नाही. रिचार्ज संपणं, लॉगिन पुसलं जाणं, कंपनीच्या सर्व्हरला ताप येणं, यातलं काहीतरी.

तिन्ही ठीक, तरी नेट मध्येच जातं, विशेषतः पावसात? मग प्रकाशाची ताकद बघायची. मोबाइल वायफायला जोडून ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो आणि डब्याखालच्या स्टिकरवर छापलेला असतो. (टाइप करताना अर्थातच इंग्रजी आकडे.) आत ऑप्टिकल किंवा पॉन नावाच्या पानावर 'आरएक्स पॉवर' दिसते, तिचा आकडा उणे असतो. उणे २०च्या आसपास असेल तर उत्तम. उणे २५च्या पुढे गेला की काठावर आलात. नेहमीच्या घरगुती डब्यांची हद्द उणे २७ला संपते, मग बाहेरच्या जॉइंटमध्ये थोडं पाणी शिरलं तरी नेट जातं. हा आकडा सांगितला की तक्रार घेणाऱ्याचा आवाज बदलतो, हा माझा अनुभव. काही कंपन्या हे पान ग्राहकाला उघडू देत नाहीत. तसं असेल तर लाइनमन येईल तेव्हा विचारू.

गच्चीवरून लॅन केबल उतरलेली असेल तर वळवाच्या पावसाची वेगळी काळजी घ्या. काच वीज वाहून नेत नाही, तांबं नेतं. मे महिन्यात कडकडाट सुरू झाला की राउटरचा प्लग तर काढाच, पण ती लॅन केबलही काढून ठेवा. पॉवरचा दिवा लागतोय, वायफाय दिसतंय, पण केबल लावलेल्या पोर्टचा दिवा कायमचा मेलाय, अशी अवस्था मी दरवर्षी एक-दोन घरांत बघते.

रीस्टार्ट

करायचं, पण क्रमाने. दोन वेगळे डबे असतील तर दोन्ही बंद करा, अर्धा मिनिट थांबा. आधी फायबरचा डबा चालू करा आणि पॉनचा दिवा स्थिर होऊ द्या. दोन-तीन मिनिटं लागतात. मग राउटर. दोन्ही एकदम लावले तर राउटर आधी जागा होतो आणि कधी कधी लाइन नाही असं ठरवून रुसून बसतो.

मोबाइलचा दोष आहे का?

घरातल्या दुसऱ्या मोबाइलवर बघा. त्याच्यावर नेट चालत असेल तर लाइन, राउटर, कंपनी सगळे निर्दोष. दोषी तुमच्या हातात आहे.

त्या मोबाइलवर वायफायच्या नावावर जाऊन 'फरगेट' करा आणि पासवर्ड टाकून नव्याने जोडा. राउटरचा पासवर्ड बदलल्यावर जुना लक्षात ठेवून अडून बसणारे फोन यानेच सुधारतात. मग व्हीपीएनचं, म्हणजे तुमचं नेट दुसऱ्याच सर्व्हरमार्गे फिरवणारं, एखादं ॲप चालू राहिलंय का ते बघा. तारीख-वेळही बघा, आणि हे मनापासून सांगते : जुन्या लॅपटॉपची आतली छोटी बॅटरी संपली की तो मागच्या एखाद्या सालात जाऊन बसतो, आणि मग बँकेपासून मेलपर्यंत कुठलीच साइट त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. लोकांना वाटतं नेट गेलं.

लॅपटॉप असेल तर आणखी नेमकं कळतं. विंडोजमध्ये 'सीएमडी' टाइप करून काळी खिडकी उघडा आणि 'पिंग' लिहून पुढे राउटरचा पत्ता द्या. उत्तर दोन-पाच मिलिसेकंदांत आलं तर वायफाय चांगलं. उत्तरच येत नसेल किंवा दोनशे-तीनशे मिलिसेकंद लागत असतील तर दोष घरातल्या घरात. मग 'पिंग ८.८.८.८' द्या, हा गूगलचा पत्ता आहे. राउटर उत्तर देतो आणि ८.८.८.८ देत नाही, तर दोष बाहेर. दोन्ही उत्तर देतात आणि तरी साइट उघडत नाही, तर दोष बहुधा डीएनएसचा. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणारी डिरेक्टरी. कंपनीची डिरेक्टरी बंद पडली की व्हॉट्सॲप कधी चालतं, कधी नाही, आणि ब्राउझर मात्र ठप्प, असा चमत्कारिक प्रकार होतो. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी ८.८.८.८ आणि १.१.१.१ घाला. अँड्रॉइडमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' नावाची सेटिंग असते. तिथे कुणी जाहिराती अडवणारा पत्ता घालून ठेवला असेल तर ती 'ऑटोमॅटिक'वर आणा.

लॅपटॉप नसेल तर सोपी युक्ती : मोबाइलचा डेटा बंद करून ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता उघडा. राउटरचं पान झटक्यात उघडलं तर तुमच्यापासून राउटरपर्यंतचा रस्ता मोकळा आहे.

एक खूण लक्षात ठेवा. उपकरणाचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा आकडी पत्ता, १६९.२५४ने सुरू होत असेल तर राउटरने त्याला पत्ताच दिलेला नाही, त्याने स्वतःचा काहीतरी ठरवून घेतलाय. राउटर रीस्टार्ट करा आणि पुन्हा जोडा.

नेट आहे, पण रखडतंय

आता खरा पसारा. 'वायफाय स्लो आहे' या एका वाक्याखाली चार-पाच वेगळी दुखणी दडलेली असतात.

आधी गणिताचा घोळ. प्लॅन १०० एमबीपीएसचा असेल तर सेकंदाला १०० मेगाबाइट नव्हे, १०० मेगाबिट मिळतात. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे डाउनलोडच्या खिडकीत जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट दिसतील आणि १ जीबीची फाइल उतरायला सव्वा मिनिटाच्या वर लागेल. कंपनी इथे फसवत नाही.

दुसरं, 'अनलिमिटेड'. अनेक फायबर प्लॅनना महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते आणि ती संपली की स्पीड गोगलगायीवर येतो. साध्या घरात ही मर्यादा सहसा संपत नाही. चार कॅमेरे दिवसरात्र क्लाउडवर चित्रण चढवत असतील तर संपू शकते.

मग मोजायचं, पण योग्य जागी. राउटरच्याच खोलीत, दोन मीटरवर उभं राहून स्पीड टेस्ट करा. तिथे पूर्ण स्पीड मिळतो आणि झोपायच्या खोलीत मिळत नाही, तर दुखणं लहरींचं. राउटरशेजारीच मिळत नसेल तर लॅन केबलने लॅपटॉप जोडून मोजा.

केबलने मोजताना एक मजेशीर आकडा दिसतो : ९० ते ९५. प्लॅन २०० किंवा ३००चा, पण टेस्ट कायम ९४ला अडकते. याचा अर्थ वाटेत कुठेतरी १००चं पोर्ट किंवा अधू केबल आहे. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात. १००च्या वेगाला चार पुरतात, गिगाबिटला, म्हणजे १०००च्या वेगाला, आठही लागतात. उरलेल्या चारांतली एक तार टोकाशी तुटली की जोडणी मुकाट्याने १००वर उतरते, बंद पडत नाही, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही. केबल बदलून बघा. स्वस्त राउटरची पोर्टंच १००ची असतात. त्यावर ३००चा प्लॅन घेणं म्हणजे अर्ध्या इंचाच्या नळावर दोन इंची पाइप जोडणं.

आता लहरी. घरातलं वायफाय मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालतं : २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिली लांब जाते, भिंती बऱ्यापैकी ओलांडते, पण तिथे जत्रा भरलेली असते. शेजाऱ्यांचे सगळे राउटर, ब्लूटूथ, आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हसुद्धा २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच घोंगावतो. भाजी गरम करताना व्हिडिओ अडकतो तो योगायोग नसतो. ५ची पट्टी मोकळी आणि वेगवान, पण एका भिंतीत दमते. म्हणून टीव्ही आणि लॅपटॉप राउटरजवळ असतील तर ५वर, दूरचा मोबाइल, प्रिंटर, वायफायचा बल्ब २.४वर. पुष्कळ प्रिंटर आणि स्मार्ट बल्बना ५ची पट्टी दिसतच नाही. नवा बल्ब जोडला जात नसेल तर राउटरमध्ये दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावं देऊन २.४चं नाव निवडा.

२.४च्या पट्टीत भारतात १३ चॅनल आहेत, पण ते एकमेकांवर चढलेले असतात. एकमेकांना धक्का न लावणारे तीन : १, ६ आणि ११. राउटर 'ऑटो'वर असूनही संध्याकाळी रडत असेल तर मोबाइलवर वायफाय ॲनालायझरचं एखादं ॲप घेऊन शेजारी कुठे गर्दी करून बसलेत ते बघा आणि या तिघांतला रिकामा निवडा. १२ आणि १३ टाळा. अमेरिकेहून मुलाने पाठवलेल्या लॅपटॉपला हे दोन चॅनल बरेचदा दिसत नाहीत, आणि आई-बाबांना वाटतं लॅपटॉपच बिघडलाय.

त्याच ॲपमध्ये रेंजचा उणे आकडा दिसतो. उणे ५० म्हणजे झकास. उणे ६७पर्यंत व्हिडिओ कॉल सुखाने होतो. उणे ७५च्या खाली कुरकुर, उणे ८०ला निरोप.

राउटर कुठे ठेवावा

पाहुणे येतात म्हणून तो काळा डबा लोकांना दिसायला नको असतो. मग तो टीव्हीच्या मागे जातो, माळ्यावर जातो, चपलांच्या स्टँडमागे जातो. एका घरी तो लोखंडी कपाटावर, देवाच्या फोटोमागे, वर क्रोशाचा रुमाल घालून ठेवलेला होता. लोखंड लहरी अडवतं. आरशामागचा धातूचा मुलामाही अडवतो. पाणी त्या शोषून घेतं, म्हणजे फिशटँक आणि भरलेली टाकी हे शत्रू. रुमालाने लहरी अडत नाहीत, पण डबा तापतो आणि तापलेला डबा मंदावतो.

घराच्या साधारण मध्यावर, माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर, उघड्यावर ठेवा. उभ्या अँटेनाभोवती लहरी मेदूवड्याच्या आकारात पसरतात आणि अँटेना वड्याच्या भोकात उभी असते, अशी कल्पना करा : आजूबाजूला भरपूर, डोक्यावर आणि पायाखाली कमी. एकाच मजल्यावरचं घर असेल तर अँटेना सरळ उभ्या. वरच्या मजल्यावरही हवं असेल तर एक आडवी करून बघा.

केबलवाला फायबर जिथून आत आणतो तिथेच, दाराजवळ, डबा ठोकून जातो. त्याला वायर वाचवायची असते. कनेक्शन घेतानाच हट्ट धरून ती मधल्या खोलीपर्यंत न्यायला लावा. नंतर सांगाल तर पैसे पडतात आणि तो येतही नाही.

चिऱ्याचं घर आणि जुना राउटर

माझं माहेर देवरुखकडचं. जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंती, आणि ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी अशी एका रांगेत खोल्यांची आगगाडी. राउटर ओटीवर. माजघरात दोन काड्या, स्वयंपाकघरात शून्य. अशा घरात अँटेना मोठ्या असलेला महाग राउटर आणून काही होत नाही, कारण मोबाइललाही त्या भिंतीतून परत बोलायचं असतं आणि त्याची अँटेना तेवढीच राहते.

बाजारात रिपीटर मिळतो, म्हणजे राउटरच्या लहरी पकडून पुढे पाठवणारा डबा. स्वस्त रिपीटर एकाच पट्टीवर ऐकतो आणि तिच्यावरच बोलतो, त्यामुळे स्पीड साधारण निम्मा होतो. घेतलाच तर जिथे रेंज नाही तिथे लावू नका, तिथे त्यालाही काही ऐकू येत नाही. रेंज अजून बरी आहे अशा मधल्या जागी लावा. मेश राउटर, म्हणजे आपापसात बोलून एकच वायफाय पसरवणाऱ्या डब्यांचा संच, चांगले, पण महाग, आणि चिऱ्यापुढे तेही वायर मागतात.

आम्ही केलं ते असं. माळ्यावर पडलेला जुना राउटर काढला आणि ओटीपासून स्वयंपाकघरापर्यंत लॅन केबल टाकली. ती १०० मीटरपर्यंत चालते, फक्त विजेच्या वायरींच्या नळीतून ओढू नका. मग :

१. जुना राउटर रीसेट करा. हो, इथे ते भोक चालतं. लॅपटॉप केबलने त्याच्या लॅन पोर्टला जोडून त्याचं पान उघडा.

२. वायफायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार मुख्य राउटरसारखाच द्या, म्हणजे मोबाइल चालता-चालता स्वतःहून बदलतो. चॅनल मात्र वेगळा : तिकडे १ असेल तर इकडे ११.

३. डीएचसीपी बंद करा. घरात पत्ते वाटणारा एकच हवा. दोघे वाटायला लागले की दोन उपकरणांना एकच पत्ता जातो आणि भांडण सुरू होतं.

४. सगळ्यात शेवटी या राउटरचा स्वतःचा पत्ता बदला. मुख्य १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या. सेव्ह केल्यावर पान अडकेल. घाबरू नका, पत्ता बदलला म्हणून अडकलंय.

५. आता मुख्य राउटरच्या लॅन पोर्टमधून आलेली केबल याच्या लॅन पोर्टमध्ये लावा. वॅन लिहिलेल्या, बाहेरच्या लाइनसाठी असलेल्या, बहुधा वेगळ्या रंगाच्या पोर्टमध्ये नाही. सगळे इथेच चुकतात.

नव्या राउटरमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' असेल तर यातलं बरंचसं काम एका टिचकीत होतं.

फुकटे शेजारी

राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते. घरात चार मोबाइल आणि यादीत अकरा नावं, तर मूळ दुखणं सापडलं. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा, डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटणाने किंवा पिनने जोडायची सोय) बंद करा, आणि पासवर्ड आडनाव-१२३ असा नको. राउटरच्या पानाचा 'ॲडमिन' हा पासवर्डही बदला. वर सांगितलेल्या कागदावर नवा लिहायला विसरू नका.

तक्रार करताना

"नेट चालत नाही" म्हटलं की पलीकडचा माणूस तुम्हाला रीस्टार्टपासून सुरुवात करायला लावतो, आणि त्याचं बरोबर आहे. त्याऐवजी असं सांगा : "सकाळी सातपासून एलओएस लाल लुकलुकतोय. अडॅप्टर ठीक आहे, पिवळी वायर तपासली, रीस्टार्ट केलं. शेजारच्यांचंही बंद आहे." शेवटचं वाक्य महत्त्वाचं, कारण दोघांचं बंद असेल तर लाइनमन तुमच्या घरी न येता थेट खांबावर जातो. तक्रारीचा डॉकेट क्रमांक मागून घ्या. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांप्रमाणे तो द्यावाच लागतो, आणि तक्रार निकाली निघाली नाही तर त्याच्याच आधारे कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. तिथेही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. काम झालं नसताना 'तक्रार बंद' असा मेसेज आला तर त्याच दिवशी पुन्हा नोंदवा, उद्यावर टाकू नका.

लाइनमन आला की त्याला चहा द्या आणि जाऊ देण्याआधी तीन कामं करून घ्या. त्याच्या हातातल्या मीटरवर प्रकाशाची ताकद किती येते ते विचारून कागदावर तारखेसकट लिहा. पीपीपीओईचं लॉगिन लिहून नसेल तर तेही. आणि राउटरशेजारी उभं राहून त्याच्यासमोर एकदा स्पीड टेस्ट करा. आमच्या कागदावर गेल्या उन्हाळ्यातला उणे १९ लिहिलेला होता. श्रावणात उणे २६ दिसला तेव्हा मी तोच कागद लाइनमनपुढे धरला. तो काही न बोलता शिडी घेऊन कोपऱ्यावरच्या खांबाकडे गेला आणि पाणी शिरलेली पेटी उघडून बसला.